टाचेच्या रक्ताचा कागद

मोरबी (गुजरात)
११ जानेवारी २०२५, शनिवार

शीतल,

आणि वरून मलाच म्हणतीस, डोकं ठिकाणावर ठेवून बोला! माझ्या लेकीचा बाप म्हणून लिफाफ्यावर दुसऱ्याचं नाव छापून येतं, आणि डोकं मी ठिकाणावर ठेवायचं? तुझ्या त्या आतेभावाच्या, आदिनाथच्या बायकोच्या नावापुढं माझं नाव छापून आलं असतं तर त्यानं काय पेढे वाटले असते का? पण त्याला बायकोच न्हाई. एकतीस वर्षाचा घोडा झाला, अजून करत न्हाई. कामून करत न्हाई, हे तुमच्या घरात कुणी विचारत न्हाई.

फोन तू कापलास. मंग माझा नंबरच बंद करून टाकलास. बरं केलंस. पत्र काही बंद करता येत न्हाई. माझ्या खोलीतला अबुबकर त्याच्या बहिणीच्या, अफ्रीनच्या लग्नाला जालन्याला चाललाय, त्याच्या हाती हे देऊन राह्यलो. तो जीपनं घनसावंगीला येऊन तुझ्या हातात देईल. तुझ्याच हातात. त्याला दोनदा बजावलंय, दारात मोटारसायकलवाला कुणी गोडबोल्या भेटला तर त्याच्याजवळ देऊ नको.

रीतीचं आधी लिहायचं असतं, ते राहूनच गेलं. मी बरा आहे. थंडी इथं कमी, कारखान्यातल्या भट्टीमुळं तर अजून कमी. तुझ्या वडलांचा गुडघा कसा आहे? तुझ्या मायला, गोजरबाईला, माझा नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर. शालूला वरचे दात आले का? तू फोटो पाठवत व्हतीस तव्हा खालचे दोनच दिसत होते. आता तर फोटोबी बंद.

त्या लिफाफ्यातल्या कागदाचा फोटो तू पाठवला होतास, तो मी अबुबकरकडून तीनदा वाचून घेतला. मला सातवीपर्यंतचंच येतं, पण अर्थ समजतो. "आदरणीय पालक, श्री. आदिनाथ व सौ. शीतल." हे पहिल्याच ओळीला. मंग खाली की, तुमचं बाळ आमच्या दवाखान्यात जन्मलं तव्हा त्याच्या टाचेतून पाच थेंब रक्त जाड कागदावर घेतलं होतं. बाळाला जन्माचा काही आजार आहे का ते बघायला. तपासून झालं, पण कागद आमच्याजवळ थंड खोलीत तसाच ठेवलेला आहे. आजपर्यंत असे कागद आम्ही आईबापाला न विचारता ठेवले, आता नवा नियम झाला, विचारून ठेवायचे. तर सांगा, बाळाचं नाव काढून टाकून डॉक्टर लोकांनी त्या रक्ताचा अभ्यास करावा का? का फक्त तुमच्या बाळाच्या कामासाठी ठेवावा? का नष्ट करावा? दोघा पालकांची सही पाहिजे. फेब्रुवारीअखेर उत्तर आलं न्हाई तर नष्ट करू.

चवदा महिने माझ्या पोरीचं रक्त एका खोलीत पडून आहे आणि बापाला पत्ता न्हाई! मला विचारलं कुणी? त्या दिवशी कागदावर सही कुणी केली? आदिनाथनं. त्याला हक्क कुणी दिला? मी इथं लाइनवर उभा होतो, फोन लॉकरात होता, तुला ठाऊक आहे आमच्याकडं शिफ्टला फोन बाळगू देत न्हाईत. फोन लॉकरात असला म्हणून बाप मेला का?

हे बी सांगतो, राग येऊ दे. मला इथं काय काम आहे ते तुला माहीत न्हाई, तू कधी विचारलंबी न्हाईस. फरशी भट्टीतून निघाली की पट्ट्यावरून येती. माझ्यासमोर मूळ नमुन्याची एक फरशी ठेवलेली असती, मोठ्या लाइटाखाली. येणारी प्रत्येक फरशी तिच्याशी मिळवायची. रंगात केसाएवढा फरक पडला तरी खडूनं खूण करून बाजूला सारायची. याला शेड मिळवणं म्हणतात. आमच्या लाइनीत माझ्याएवढी नजर कुणाची न्हाई, सुपरवायझर मला नावानं ओळखतो. बारा घंटे मी हेच करतो. मंग खोलीवर येऊन मोबाइलमधी शालूचा फोटो बघतो. आता तूच सांग, मी काय बघत असंन.

तुझ्या आत्यानं, झुंबरबाईनं, आपल्या हळदीत काय म्हणलं होतं ते मी विसरलो न्हाई. भरल्या मांडवात म्हणल्या, "आमच्या आदिनाथच्या हक्काची पोरगी उचलून नेली गं या अंबडवाल्यानं!" सगळ्या बाया हसल्या. तू बी हसलीस. मी बी हसलो, न हसून सांगू कुणाला? मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, ही आपल्यातली रीतच आहे. पण मला त्याचं हसणं आठवतं. तो हसलाच न्हाई. पंगतीत वाढत होता, माझ्या ताटात दोन बुंदीचे लाडू जादा टाकले आणि म्हणला, "सांभाळा." काय सांभाळा? लाडू का तू?

त्याच्याजवळ काय काय आहे ते मला मोजून पाठ आहे. नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी. गळ्यात पट्ट्याचं ओळखपत्र, घरी आला तरी काढत न्हाई. गाडी. अक्षर असं की छापल्यासारखं. तुला दवाखान्यात कोण घेऊन गेलं? तो. औषधं कुणी आणली? त्यानं. शालूला पहिल्यांदा हातात कुणी घेतलं? तुझी माय मोठ्या कौतुकानं सांगत होती, "आदिनाथ होता म्हणून निभावलं." मी नव्हतो म्हणून त्याचं निभावलं, असं बी म्हणता येतं.

मी सही करणार न्हाई. बिलकुल न्हाई. त्या कागदावरून सगळं कळतं. पुढं काय आजार व्हईल, आई कोण, बाप कोण, पिढ्यान्‌पिढ्यांचं. सुमेधा मॅडम म्हणल्या की सुकलेलं रक्त लई वर्षं टिकतं. म्हणजे अबुबकरनं मोबाइलवर वाचलं तसं. असलं रक्त मी परक्याच्या हातात कामून देऊ? आणि नष्ट बी कामून करू, मला बघायच्या आधी?

त्या दिवशी आदिनाथनं भरून दिलेल्या पहिल्या फारमाची झेरॉक्स मला पाहिजे. दवाखान्यात जाऊन मागून घे. एकटी जा. नव्या कागदाबरोबर अबुबकरच्या हाती पाठव. मंग बघू.

शालूला माझा पापा.

कचरू


मोरबी
१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

शालूची आई,

अबुबकर परवा आला. तुझं पत्र दिलं, फारमाची झेरॉक्स दिली, नवा कागद दिला, आणि तुझ्या मायनं दिलेली शेंगदाण्याची चटणी दिली. म्हणला, "भाभींनी चहा पाजला, एक शब्द वावगा न्हाई बोलल्या. पर कचरूभाई, तुमच्या चिठ्ठीची घडी उघडली आणि वाचता वाचता त्यांचं तोंड असं झालं, मी चहा तसाच खाली ठेवला." तुझ्या लेकीनं त्याची टोपी ओढली म्हणे. त्याला त्याचंच लई कौतुक.

तुझं पत्र दीड पानाचं. मी मात्र दोन दिवस वाचून राह्यलो. काही वाक्यं मला पाठ झाली, ती इथं लिहितो, म्हणजे तुला कळंल की मी नीट वाचलं.

"तुम्ही सही करा न्हाईतर करू नका. पण मला कुणी विचारलं न्हाई, असं पुन्हा लिहू नका. मला टाके घालून अर्धा घंटा झाल्ता. नर्सबाई म्हणल्या, बाळाच्या टाचेतून उद्या रक्त घ्यायचंय, बापाला विचारा. मी आदिनाथला म्हणलं, आधी यांना फोन लाव. त्यानं माझ्यासमोर तीनदा लावला. तुम्ही उचलला न्हाई. मंग नर्सबाई म्हणल्या, जो हजर आहे त्यानं सही करा."

आणि पुढं:

"तुमच्या आधी सासूबाईंची दोन लेकरं गेली. पहिलं सहा दिवसाचं, दुसरं अकरा दिवसाचं. कशानं गेली ते त्या मायला आजवर कुणी सांगितलं न्हाई. म्हणून तुम्ही जन्मले तव्हा तुम्हाला उकिरड्यावर ठेवून शेजारणीकडून उचलून घेतलं, आणि कचरू नाव ठेवलं, म्हणजे देवाची नजर पडू नये. आपण आपल्या लेकीला शालू म्हणू शकतो, कारण तिच्या टाचेचं रक्त बघून डॉक्टर म्हणले, पोरगी ठणठणीत आहे, बिनघोर ऱ्हावा. तो कागद नष्ट करायचा का ठेवायचा हे तुमच्या रागावर ठरवणार का?"

एवढं चांगलं तू कधी बोलली न्हाईस माझ्यासंगं. का बोललीस आणि मी ऐकलं न्हाई, देव जाणे.

आता मी लिहितो. हे फोनवर सांगता आलं नसतं. खोलीत आम्ही सहा जण ऱ्हातो.

फोन लॉकरात नव्हता. त्या दिवशी माझी शिफ्ट रात्रीची होती. दुपारी मी खोलीवर होतो, फोन माझ्या हातात होता. तिन्ही येळेला वाजला. तिन्ही येळेला त्याचं नाव आलं, आदिनाथ घनसावंगी. मला वाटलं, खुशखबर हा सांगणार. माझ्या लेकराची खबर मी याच्या तोंडून ऐकायची? तुझा फोन येईल म्हणून मी वाट बघत बसलो, आणि त्याचा कापत राह्यलो. तिसऱ्यांदा तर मी शिवी देऊन कापला. तू टाके घालून पडली होतीस, तुझ्या हातात फोन कुठून असणार, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. संध्याकाळी तुझ्या मायचा फोन आला तव्हा मी म्हणलं, लॉकरात होता. चवदा महिने तेच म्हणत आलो. इतक्यांदा म्हणलं की मला बी ते खरं वाटाया लागलं होतं.

मला विचारलं होतं. मीच उत्तर दिलं न्हाई.

एक झालं. दुसरं जास्त वाईट आहे. पाणी पिऊन लिहितो.

मागल्या पत्रात सुमेधा मॅडमचं नाव माझ्या हातून निसटलं होतं. तू हुशार आहेस, तुझ्या ध्यानात आलं असंल, तरी तू पत्रात एक अक्षर विचारलं न्हाईस. तर कागदाच्या खाली नंबर होता, तो मी जानेवारीच्या पहिल्या हप्त्यात लावला. सुमेधा मॅडम म्हणून आहेत, ते कागद सांभाळायचं काम त्यांच्याकडं. आधी चांगलं बोललो. माझं नाव चुकलंय म्हणलं. त्या म्हणल्या, "सॉरी दादा, सही करणाऱ्याचं नाव कंप्युटरमधी पालकाच्या जागी चढलं असणार. अर्ज द्या, दुरुस्त करू." तिथंच ठेवायला पाहिजे होता फोन.

मी म्हणलं, "मॅडम, रक्त तुमच्याजवळ आहेच. मी माझं बी पाठवतो. दोन्ही मिळवून बघा."

त्या म्हणल्या, "कशासाठी?"

मी नुसतं म्हणलं, "बघा की." त्यांना समजलं. म्हणल्या, "न्हाई. ते आम्ही करत न्हाई."

मी म्हणलं, "कामून? बाप मी आहे, माझ्या पोरीचं रक्त आहे."

तर म्हणल्या, "बाप तुम्ही आहात हे तुम्हीच म्हणता, आणि तेच तपासा बी म्हणता?" मंग आवाज हळू करून म्हणल्या, "दादा, हे रक्त तुमचं न्हाई. आमचं बी न्हाई. ते तुमच्या मुलीचं आहे. ती बोलू शकत न्हाई म्हणून तुम्हाला विचारतो. तिच्या तब्येतीसाठी म्हणून घेतलं, तर तिच्या आईला पकडायला वापरायचं न्हाई. उद्या गावात कळलं की दवाखाना असलं काम करून देतो, तर कोण बाई आपल्या बाळाची टाच आमच्यापुढं करंल? आणि मंग जे लेकरू वाचण्यासारखं असंल ते बी जाईल."

मी फोन आपटला. मोबाइलच्या काचेला तडा गेला तो तसाच आहे.

तव्हा मला राग आला की ही कोण मला शिकवणारी. पण तुला मागलं पत्र लिहिलं ते त्यानंतर चार दिवसांनी. बघ, त्यात मी काय लिहिलं! न विचारता रक्त ठेवलं म्हणून आरडाओरडा केला. दवाखान्यानं तर न विचारता नुसतं ठेवलं होतं. मी न विचारता उघडून बघायला निघालो होतो. तुला विचारलं का मी? शालूला तर कोण विचारतं.

आता ती झेरॉक्स. अबुबकरनं माझ्यासमोर धरली आणि म्हणला, "पढ लो, तुम्हीच मागवली." आदिनाथचं ते छापल्यासारखं अक्षर. बाळाच्या आईचं नाव, बरोबर. बापाचं नाव, कचरू, बरोबर, गाव बी बरोबर, मोबाइल नंबर बी माझा बरोबर. खाली सही करणाऱ्याचं नाव, आदिनाथ. पुढं एक चौकट, बाळाशी नातं. त्यात त्यानं लिहिलंय, मामा.

शीतल, मी तो शब्द लई येळ बघत बसलो. नर्सनं घाई केली असंल, त्यानं काहीबी लिहिलं असतं तरी चाललं असतं. नातेवाईक लिहिलं असतं. आईचा आतेभाऊ लिहिलं असतं, ते तर खरंच होतं, आणि त्या शब्दात हळदीतली ती मस्करी बी तशीच राहिली असती. ज्याला मामाची पोरगी मिळायची म्हणून सगळ्या बाया हसत होत्या, त्यानं त्या पोरीच्या लेकराचा मामा म्हणून सही केली. एका शब्दात तो तुझा भाऊ होऊन गेला आणि कुणाला सांगितलं बी न्हाई. आणि इथं मी त्याचा फोन कापत होतो.

पण तू असं समजू नको की कागद बघून माझं मन साफ झालं. तसं असतं तर मंग मी कागदावरच भरोसा ठेवला, तुझ्यावर न्हाई, असा अर्थ झाला. आणि खोटं लिहायचं न्हाई म्हणून बसलोय. त्याची गाडी दारात दिसली की माझं डोकं फिरंल ते फिरंलच. त्याला शालू हाका मारंल, त्याच्या खांद्यावर बसंल, आणि मी वर्षातून दोनदा आलो की माझ्याकडं बघून रडंल. मागल्या दिवाळीला रडलीच की. तू म्हणलीस, "ओळख लागंल हळूहळू." माझ्या पोरीला माझी ओळख लागायची, आणि त्याला बघून ती टाळ्या वाजवती. मला त्याच्या नोकरीचं, गाडीचं काही न्हाई, ते मी उगाच लिहिलं. तो तिथं होता, ह्याचंच मला जळतं. त्यानं काही हिसकावलं न्हाई. जागा रिकामी होती, कुणीतरी उभं ऱ्हायला पाहिजे होतं.

नवा कागद अबुबकरकडून पुन्हा सगळा वाचून घेतला. दोनदा. काय काय करतील ते समजून घेतलं. नाव काढून टाकतील, नंबर ठेवतील. आपल्याला पुढं कधी नको वाटलं तर सांगता येतं, मंग ते कागद काढून टाकतील. मोठी झाली की शालूला बी तसं सांगता येतं. अबुबकर म्हणला, "कचरूभाई, अभ्यासाला द्यायचं का न्हाई?" मी म्हणलं, माझ्या आधीच्या त्या दोघांचं एक थेंब जरी कुठं कागदावर सुकून राहिलं असतं तर माझ्या मायला आज कुणी तरी काही तरी सांगितलं असतं. ती अजून म्हणती, माझ्याच दुधात काही होतं. तीस वर्षं झाली, ती स्वतःलाच धरून बसली आहे. दुसऱ्या कुणाच्या मायला आपल्या शालूच्या टाचेमुळं हे कळलं तर कळू दे. हे माझं म्हणणं.

पण खूण मी केली न्हाई. तिन्ही चौकटी कोऱ्या सोडल्यात. खाली बापाच्या जागी सही केली, कचरू, पूर्ण नाव, आडनावासकट, जेवढं मोठं मावलं तेवढं. वरची खूण तू कर. तू बाळंतपणाच्या टाक्यांनी पडलेली असताना सुद्धा मला विचारायला लावलं होतंस, माझ्यानं तेवढं झालं न्हाई. तू जिथं खूण करशील त्याच्याखाली माझी सही आहे. ठेवू नको वाटलं तर ठेवू नको, मी विचारणार न्हाई कामून. सोबत नाव दुरुस्तीचा अर्ज बी लिहिलाय, अबुबकरनं शुद्ध करून दिला. दोन्ही दवाखान्यात नेऊन दे. अठ्ठावीस तारखेच्या आत जायला पाहिजे, म्हणून हे स्पीड पोस्टानं टाकतो. एकटी जा असं मागं लिहिलं होतं, ते खोड. आदिनाथच्या गाडीवर जा. जल्दी व्हईल. हे लिहिताना मी दात खाल्ले, पण लिहिलं.

माझा नंबर चालू करायचा का न्हाई ते तुझ्यावर. होळीला सुट्टी मागितली आहे. माहेरीच राहिलीस तर मी घनसावंगीला येतो, अंतरवालीला आपल्या घरी आलीस तर तिकडं.

तुझा
कचरू

ता.क. एक राहिलं. मॅडमनं न्हाई म्हणल्यावर मी एका रविवारी राजकोटला गेल्तो. तिथं एक खाजगी लॅब आहे, ते न विचारता करून देतात. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस. होळीला येऊन शालू झोपली असताना मी ते करणार होतो, तुला कळू न देता. त्यासाठी ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवले होते. आता तुला कळलं. काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन. ते सगळे पैसे काल तुझ्या खात्यावर टाकले, त्यातला रुपया बी मी ठेवला न्हाई. अकरा हजार पाचशे.